उकार कापला गेला, आणि व्हर्जन म्हणे पॅच

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एक सामायिक कंपोनंट लायब्ररी होती, म्हणजे बटणं, ड्रॉपडाऊन, तारीख निवडायचं कॅलेंडर, पॉपअप असल्या नेहमीच्या गोष्टी एकदाच नीट बनवून ठेवायच्या आणि कंपनीतल्या सहा-सात टीमनी त्याच आपापल्या ॲपमध्ये वापरायच्या, दर वेळी नव्याने बटण रंगवत बसायचं नाही. डिझाइनवाल्यांनी सांगितलं की बटण फिग्मातल्या, म्हणजे त्यांच्या डिझाइनच्या ॲपमधल्या, चित्रापेक्षा जरा उंच दिसतंय. मी फाइल उघडली, लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या साइजच्या मानाने ओळीची उंची, १.५ होती ती १ केली, 'सबमिट' लिहिलेलं बटण बघितलं, एकदम छान दिसत होतं, टेस्ट सगळ्या हिरव्या, २.३.१ चं २.३.२ करून पब्लिश केलं आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका टीमकडून स्क्रीनशॉट आला. त्यांचं ॲप मराठीतही चालायचं. फॉर्मच्या तळाशी 'पुढे जा' च्या जागी 'पढे जा' आणि 'शुल्क भरा' च्या जागी 'शल्क भरा'. देवनागरीचे उकार ओळीच्या खाली लोंबतात, मी ओळीची उंची अक्षराच्या साइजइतकीच करून टाकली होती आणि लांबलचक लेबल बाहेर जाऊ नये म्हणून ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर येणारा भाग लपवायचं सेटिंग, तर आधीपासूनच होतं, त्यामुळे खालचा भाग कात्रीने कापल्यासारखा साफ गेला. इंग्रजीत कुणाला पत्ताही लागला नाही.

आता यात खरी गंमत बटणाची नाहीये, नंबरची आहे. त्या टीमने असं सेटिंग ठेवलं होतं की पॅच व्हर्जन, म्हणजे छोटी दुरुस्ती, आलं तर बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, ते स्वतःच कोडमध्ये मर्ज करायचं, माणसाने बघायची गरज नाही. आणि ते चुकीचं नव्हतंच, कारण 'हा फक्त पॅच आहे, डोळे मिटून घ्या' हे मीच त्यांना त्या नंबरमधून सांगितलं होतं. मी आधी वाद घातला की बाबा, मी ना कुठला प्रॉप, म्हणजे कंपोनंटला बाहेरून द्यायचं सेटिंग, काढला, ना कशाचं नाव बदललं, नियमाने हा पॅचच आहे. त्यांच्याकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, "नियम असेल, पण आमच्या ग्राहकाला बटण वाचता येत नाहीये." यावर काय बोलणार!

तर हे व्हर्जन नंबर काय असतात, ते कोण वाचतं, आणि यूआय लायब्ररीच्या, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या गोष्टींच्या लायब्ररीच्या, बाबतीत ते ठरवताना एवढी डोकेफोड का होते, ते सांगतो.

तीन आकडे असतात, मध्ये टिंबं. २.३.१ मधला २ मेजर, ३ मायनर, १ पॅच. या पद्धतीला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात, बोलताना सगळे 'सेमव्हर' म्हणतात. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी हे नियम लिहून काढले आणि आज जी आवृत्ती सगळे वापरतात ती २०१३ ची, तिचा स्वतःचा नंबरही २.०.० आहे. घरातलं उदाहरण घ्यायचं तर मिक्सर बघा. भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग गळत होती, कंपनीने त्याच मापाची चांगली रिंग दिली, तुमचं बाकी काही बदललं नाही, हा पॅच. कंपनीने चटणीचं एक नवीन छोटं भांडं काढलं, ते तुमच्या जुन्या मिक्सरवरही बसतं, घ्यायचं तर घ्या, हा मायनर. आणि कंपनीने खालचा कपलरच बदलला, म्हणजे नव्या मिक्सरवर जुनं एकही भांडं बसणार नाही, हा मेजर. यात कपलरचा बदल कितीही चांगल्यासाठी असला तरी तो मेजरच, कारण प्रश्न चांगलं-वाईटचा नसतो, ज्याच्या घरी जुनी भांडी आहेत त्याला काम लागणार का एवढाच असतो.

दोन बारीक गोष्टी ज्यात नवीन लोक हमखास अडकतात. ती टिंबं दशांशाची नाहीत, त्यामुळे १.९.० नंतर १.१०.० येतं आणि ते १.९ पेक्षा मोठं असतं. दुसरं, डावीकडचा आकडा वाढला की उजवीकडचे शून्य होतात, २.३.४ मध्ये नवीन फीचर आलं तर पुढचं २.४.०, तिथे २.४.४ करायचं नाही.

आता हे नंबर माणसं कमी वाचतात, मशीन जास्त वाचतं. एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस ज्याने आणतात ते टूल, त्यातून तुम्ही लायब्ररी बसवली की तुमच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये ^२.३.१ असं काहीतरी लिहिलं जातं, त्या टोपीसारख्या चिन्हाला कॅरेट म्हणतात आणि त्याचा अर्थ '२.३.१ किंवा त्याच्या पुढचं काहीही चालेल, फक्त ३ च्या आत'. कॅरेटऐवजी नागमोडी टिल्डा असेल, ~२.३.१, तर फक्त पॅच चालतील, २.४ सुद्धा नको. म्हणजे मी लायब्ररीवाला म्हणून कुठला आकडा वाढवतो त्यावर माझा बदल लोकांच्या घरात न विचारता शिरणार की दारावर बेल वाजवणार हे ठरतं. लॉक फाइल नावाची एक फाइल असते, एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून ती आपोआप बनते, तिच्यात नेमकी कुठली आवृत्ती बसलीये ते कोरून ठेवलेलं असतं त्यामुळे रोज उठून आपोआप काही बदलत नाही. पण कुणीतरी कधीतरी अपडेट चालवतंच, आणि आमच्या गोष्टीत तर ते काम बॉटकडे होतं.

शून्याने सुरू होणारे नंबर हा वेगळाच प्रकार. ०.४.२ असं काही दिसलं तर सेमव्हरच्या नियमाने त्याचा अर्थ 'अजून कच्चं आहे, उद्या काहीही बदलेल, तक्रार करू नका'. म्हणून एनपीएमचा कॅरेटही तिथे जास्त कडक वागतो, ^०.४.२ म्हणजे ०.५ च्या आतलंच. बऱ्याच टीम्स या शून्याच्या मागे वर्षानुवर्षं लपून बसतात. रिॲक्ट या यूआय बनवायच्या लायब्ररीचंच बघा, ते ०.१४ पर्यंत गेलं होतं आणि तोवर जगभर लोक ते प्रॉडक्शनमध्ये वापरत होते, मग २०१६ मध्ये त्यांनी पुढचा शून्य सरळ काढून टाकला आणि ०.१४ नंतर एकदम १५ आणलं. माझं मत विचाराल तर दुसऱ्या टीमने तुमचं बटण खऱ्या ग्राहकासमोर ठेवलं त्याच दिवशी १.० करा. शून्य ठेवून जबाबदारी टळत नाही, फक्त पुढच्या माणसाला अंदाज येत नाही.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. हिशोब करणारी एखादी लायब्ररी असेल तर इथेच लेख संपला असता, कारण तिथे काय आत जातं आणि काय बाहेर येतं हे स्पष्ट असतं. यूआयमध्ये गाडं अडतं ते 'तुटलं' म्हणजे नक्की काय यावर. प्रॉप काढला किंवा त्याचं नाव बदललं तर ते तुटलं, यात वाद नाही. पण डीफॉल्ट बदलला तर? मटेरियल यूआय या कंपोनंट लायब्ररीची पाचवी आवृत्ती २०२१ मध्ये आली, तिच्यात टेक्स्टफील्डचा डीफॉल्ट प्रकार 'स्टँडर्ड' चा 'आउटलाइन्ड' झाला. म्हणजे ज्याने काहीच सांगितलं नव्हतं त्याच्या फॉर्ममधल्या खालच्या नुसत्या रेषेच्या जागी अचानक चारी बाजूंनी चौकट. कोड एक अक्षर न बदलता चालतो, एररही येत नाही, पण स्क्रीन वेगळी. त्यांनी ते मेजरमध्ये केलं आणि मायग्रेशनच्या माहितीत लिहिलं, म्हणजे शिस्तीत केलं. हेच कुणी मायनरमध्ये ढकललं असतं तर केवढी बोंबाबोंब झाली असती.

बूटस्ट्रॅप या तयार कंपोनंट आणि स्टाइलच्या संचाचं उदाहरण तर आपल्यापैकी कित्येकांनी अंगावर घेतलंय. २०२१ च्या मे महिन्यात पाचवी आवृत्ती आली आणि त्यातून जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी गेली, ते ठीक, त्याची चर्चा आधीपासून होती. पण डेटा-टॉगलचं डेटा-बीएस-टॉगल झालं, आणि हे एचटीएमएलमधले ॲट्रिब्यूट असल्यामुळे कुठेच एरर येत नाही, ड्रॉपडाऊनवर क्लिक केलं तर तो नुसता ढिम्म बसतो. डाव्या-उजव्या मार्जिनचे एमएल आणि एमआर हे क्लास गेले, त्यांच्या जागी एमएस आणि एमई आले, म्हणजे 'लेफ्ट-राइट' च्या जागी 'स्टार्ट-एंड', कारण अरबी-उर्दूसारख्या उजवीकडून लिहायच्या भाषांमध्ये सुरुवात उजवीकडे असते. कारण शंभर टक्के पटणारं आहे. तरीही ज्याच्या प्रोजेक्टमध्ये चारशे ठिकाणी जुना क्लास आहे त्याची रात्र तर गेलीच. आणि लिंक्सना डीफॉल्टने अंडरलाइन आली, आधी फक्त माउस नेल्यावर यायची. वाचायला सोयीचं आहे, मला आवडलं, पण साइट बघून क्लायंटचा फोन येणार तो येणारच.

मग डॉमची, म्हणजे पानातल्या एचटीएमएल घटकांची, रचना. समजा मी बटणाच्या आत आयकॉनसाठी स्पॅन नावाचा एक जास्तीचा एचटीएमएल टॅग घातला. माझ्या दृष्टीने ही आतली बाब आहे, बाहेर काहीच बदललं नाही. पण एका टीमने माझ्या बटणाच्या आतल्या एलिमेंटला पकडून स्वतःचा सीएसएस लावलाय, दुसऱ्या टीमच्या टेस्ट्स बटणाच्या पूर्ण एचटीएमएलचा स्नॅपशॉट जुळवून बघतात, तिसऱ्या टीमने ऑटोमेशनमध्ये 'तिसरा स्पॅन' असं लिहून ठेवलंय. यावर गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावाने एक नियम सांगतात, मतितार्थ असा की वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही लिहून काय वचन दिलंय याला अर्थ उरत नाही, जे जे दिसतं त्या प्रत्येक गोष्टीवर कुणी ना कुणी विसंबून असतंच. यूआयमध्ये तर जे दिसतं तेच विकायला ठेवलेलं असतं, त्यामुळे हा नियम इथे दुप्पट लागू.

म्हणून शेवटी उपाय एकच, 'आमच्याकडे तुटणं कशाला म्हणायचं' हे प्रत्येक टीमने बसून लिहून काढायचं आणि ते वापरणाऱ्यांना दिसेल असं ठेवायचं. आम्ही 'पढे जा' नंतर ते केलं. कंपोनंटचा बाहेरचा आकार बदलत असेल, उंची किंवा रुंदी किंवा आजूबाजूची जागा, तर तो मेजर, कारण त्याने दुसऱ्याचं लेआउट हलतं. रंगाची छटा किंवा सावली बदलली, आकार तोच, तर मायनर, आणि पॅच तर नाहीच, कारण पॅच लोक बघत नाहीत. टाइप्समध्ये, म्हणजे कुठल्या प्रॉपला कुठल्या प्रकारची किंमत चालते यात, एखादा प्रकार आधीपेक्षा कडक केला तर मेजर, कारण समोरच्याचं बिल्ड लाल होतं, म्हणजे त्याचं ॲप तयारच होत नाही. टॅब दाबल्यावर फोकस कुठे जातो, एस्केपने पॉपअप बंद होतो की नाही, स्क्रीन रीडर काय वाचतो, हे बदललं तर तेही बाहेरचंच वागणं धरायचं, जो माउस वापरत नाही त्याच्यासाठी तोच तुमचा इंटरफेस आहे. आतल्या क्लासची नावं आणि डॉमची रचना मात्र आम्ही सरळ सांगून टाकली की ही आमची खाजगी, हिच्यावर विसंबलात तर तुमचं तुम्ही बघा, आणि त्याबदल्यात बाहेरून स्टाइल द्यायला अधिकृत जागा करून दिल्या. हे थोडं कठोर वाटतं, पण नाहीतर एक स्पॅन घालायला दर वेळी मेजर काढावा लागेल आणि मग मेजरची किंमतच उरणार नाही.

दोष दुरुस्तीचं काय, असं विचाराल. समजा बटणाचा रंग एवढा फिकट होता की वाचता येत नव्हतं, तो गडद केला. ही चूक होती, दुरुस्त केली, पॅच. पण खरं सांगायचं तर इथे प्रत्येक वेळी मीटिंगमध्ये भांडण होतं, आणि ते व्हायलाही पाहिजे.

नंबर पाळूनही विश्वास कसा जातो याचा नमुना म्हणजे अँट डिझाइनचा बर्फ. अँट डिझाइन ही चीनमधली फार मोठी लायब्ररी, अलीबाबाच्या परिवारातल्या अँट ग्रुपची (तेव्हाचं नाव अँट फायनान्शियल), ऑफिसात वापरायचे डॅशबोर्ड, ॲडमिन पॅनल असल्या गंभीर कामांसाठी लोक ती वापरतात. २५ डिसेंबर २०१८ ला लोकांनी सकाळी आपली साइट उघडली तर बटणांच्या वरच्या कडेवर पांढरा बर्फ साचलेला, आणि माउस नेला की 'हो हो हो!'. कुणीतरी काही महिने आधीच लायब्ररीत हे गुपचूप घालून ठेवलं होतं, तारीख बघून त्या दिवशीच जागं होणारं. आता ज्याच्या सरकारी किंवा बँकेच्या स्क्रीनवर असा ख्रिसमस आला त्याने बॉसला काय सांगायचं? बरं, त्या दिवशी कुणी अपडेटही केलं नव्हतं, लॉक फाइल जागच्या जागी, नंबर तोच, आणि बटण वेगळं. लायब्ररीवाल्यांनी माफी मागितली, ते काढून टाकलं, पण चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, नसलेली गोष्ट पोटात असू शकते ही शंका एकदा शिरली की शिरली.

त्यामुळे चेंजलॉग हा नंबरइतकाच महत्त्वाचा, आणि तो बहुतेक ठिकाणी रडतखडत लिहिलेला असतो. 'बटणात सुधारणा' ही ओळ मी स्वतः लिहिली आहे, २.३.२ ला, लाज वाटते. तीच ओळ अशी असती की 'बटणाच्या लेबलची लाइन-हाइट १.५ वरून १ केली, त्यामुळे बटणाची उंची कमी होईल. दोन ओळींची किंवा इंग्रजी सोडून इतर लिपीतली लेबलं तपासून घ्या', तर समोरच्याने निदान एकदा मराठी स्क्रीन उघडली असती. आणि गंमत म्हणजे ही ओळ लिहिता लिहिता मलाच कळलं असतं की हा पॅच नाही. म्हणून आता आम्ही चेंजसेट्स नावाचं टूल वापरतो, ते ॲटलासियनमधल्या मंडळींच्या कामातून आलंय. त्यात बदल करणाऱ्याने कोडसोबतच एक छोटी फाइल टाकायची, हा बदल पॅच, मायनर की मेजर, आणि वापरणाऱ्याला काय सांगायचंय. रिलीजच्या दिवशी टूल सगळ्या फाइली गोळा करून त्यातला सगळ्यात मोठा बदल कुठला ते बघतं, त्यावरून नंबर ठरवतं आणि चेंजलॉगही तयार करतं. कमिटच्या, म्हणजे कोडमधला बदल नोंदवतानाच्या, मेसेजवरून नंबर काढायचीही एक पद्धत आहे, 'फिक्स' असेल तर पॅच, 'फीट', म्हणजे फीचर, असेल तर मायनर, पण शुक्रवारी संध्याकाळी घाईत लिहिलेल्या कमिट मेसेजवर माझा तरी भरवसा नाही.

प्रत्येक कंपोनंटला वेगळा नंबर द्यायचा की अख्ख्या लायब्ररीला एकच, हाही नेहमीचा वाद. वेगळे दिले तर फक्त कॅलेंडर बदललं तेव्हा बटणवाल्याला त्रास नाही, ऐकायला फार छान. पण सहा महिन्यांनी तुमच्याकडे बटण ४.१, पॉपअप २.७, थीम ६.० असं होतं आणि कुठलं कशाबरोबर चालतं हे फक्त एका माणसाला माहीत असतं, आणि तो सुट्टीवर असतो. लहान टीम असेल तर एकच नंबर ठेवा, मेजर थोडे जास्त निघतील, निघू देत.

याच्याशी जोडलेला एक ओंगळ प्रकार म्हणजे एकाच पानावर लायब्ररीच्या दोन प्रती. तुम्ही ३.० वापरताय, पण तुम्ही आणलेल्या दुसऱ्या पॅकेजला २ च पाहिजे, मग एनपीएम गुपचूप दोन्ही बसवतं. हिशोबाच्या लायब्ररीला याने फार फरक पडत नाही, यूआयला पडतो, कारण थीम वरून खाली कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे वरच्या घटकाकडून आतल्या सगळ्यांना माहिती पोचवायच्या सोयीतून, जाते आणि एका प्रतीची थीम दुसऱ्या प्रतीला दिसत नाही. परिणाम असा की अख्खं पान डार्क मोडमध्ये आणि मधोमध एक बटण पांढरंफटक. रिॲक्टच्याच दोन प्रती झाल्या तर हुक्स, म्हणजे कंपोनंट ज्यांच्या जोरावर माहिती लक्षात ठेवतो ती रिॲक्टची फंक्शन्स, चालतच नाहीत, लाल अक्षरात 'इनव्हॅलिड हुक कॉल' येतो आणि माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून लायब्ररीने रिॲक्ट स्वतःबरोबर आणायचं नाही, 'पीअर डिपेन्डन्सी' म्हणून फक्त मागायचं, तुमच्याकडे जे आहे तेच वापरतो म्हणून. आणि ती मागणी बदलली, म्हणजे रिॲक्ट १७ चालत होतं ते आता १८ लागेल असं झालं, तर एकाही बटणाला हात न लावता तो मेजर होतो.

मेजर काढायचाच असेल तर आधी सूचना द्या. जुना प्रॉप ज्या मेजरमध्ये जाणार त्याच्या आधीच्या मायनरमध्येच तो 'जाणार आहे' असं जाहीर करायचं, डेव्हलपरच्या कन्सोलवर पिवळी वॉर्निंग येईल असं करायचं, नवीन पर्याय तेव्हाच द्यायचा, म्हणजे लोक आपल्या सवडीने बदलतात. जमलं तर कोडमॉड द्या, म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट जी समोरच्याच्या कोडमधली नावं स्वतः बदलून देते. मोठ्या मेजरच्या आधी ३.०.०-बीटा.१ अशी चाचणीची आवृत्ती काढा, आणि पब्लिश करताना तिला 'नेक्स्ट' चा टॅग लावायला विसरू नका. जुन्या एनपीएममध्ये टॅग नाही दिला तर बीटाच 'लेटेस्ट' होऊन बसायची आणि नवीन येणारा प्रत्येक जण अर्धी कच्ची लायब्ररी घेऊन जायचा. हे मी एकदा केलंय, विस्ताराने सांगत नाही.

एकदा चुकीचा नंबर पब्लिश झाला की तो पुसता येत नाही हेही लक्षात असू द्या. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्याच्यावर आडूनपाडून अवलंबून असलेली जगभरची बिल्ड्स कोसळली, त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्यावर बंधनं घातली. आणि मागे घेतलंत तरी तोच नंबर परत वापरू देत नाहीत. त्यामुळे चूक झाली तर पुढे जाऊनच सुधारायची.

आम्हीही तेच केलं. त्याच दुपारी २.३.३ काढलं, त्यात लाइन-हाइट परत १.५, चेंजलॉगमध्ये कबुली. बटण बुटकं करायचं काम ३.० मध्ये नेलं, तेव्हा ओळीला हात न लावता वरखालचं पॅडिंग कमी केलं, डिझाइनवालेही खूश. आणि आमच्या स्टोरीबुकमध्ये, जिथे प्रत्येक कंपोनंटचे फोटो काढून आधीच्या फोटोंशी जुळवून बघतात, तिथे आता प्रत्येक बटणाची एक जास्तीची प्रत असते जिच्यावर 'कुऱ्हाडीची पूर्तता' असं लिहिलेलं असतं. वर रफार, खाली उकार, सगळं एका लेबलात. नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो की हे काय आहे, मग त्याला हा 'पढे जा' चा स्क्रीनशॉट दाखवतो.